पान सांग

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. 'काका, मला ते पुस्तक आवडलं की नाही तेच आता कळेनासं झालंय.' महिन्याभरापूर्वी हीच मुलगी रात्री सव्वा वाजता मला विचारत होती, की नारायण धारपांची भयकादंबरी अर्धवट ठेवून झोपलं तर झोप लागते का! मधे काय झालं? तुमच्या वाचनकट्ट्यावर तू बोलायला उभी राहिलीस. एकानं विचारलं, यात सामाजिक आशय काय. दुसरी म्हणाली, हे तर इंग्रजीवरून उचललेलं. तिसऱ्यानं पाचपैकी अडीच तारे देऊन टाकले. आणि तू? 'हो, तसं टाइमपासच आहे,' म्हणून खाली बसलीस.

मला राग आलाय तो त्यांचा नाही, तुझा.

पान सांगायचं होतंस. कुठल्या पानावर पुस्तक मिटलंस? मिटून काय केलंस, दिवा लावलास की उशी उचलून आईच्या खोलीत गेलीस? बोलायला सुरुवात तिथून करायची. उसनवारीचा मुद्दा खोटा नाही. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच घेतलंय, ते सरळ मान्य कर. पण किंगचं गाव अमेरिकेतलं. तू घाबरलीस ती आपल्याकडच्या घराला, आपल्याकडच्या अंधाराला. हे त्यांनी कसं साधलं, ते तुझं पान समोर ठेवल्याशिवाय कुणाला कळणार?

कॉलेजात असताना संध्याकाळी मी गावच्या वाचनालयात काउंटरवर बसायचो. भयकथांची पुस्तकं सगळ्यात आधी खिळखिळी व्हायची. खाकी कव्हर, पाठीला डकवलेली कापडी पट्टी, आणि आत वाचकांची पेन्सिल. एका पुस्तकाच्या समासात कुणीतरी लिहिलं होतं, 'रात्री वाचू नये.' खाली वेगळ्या अक्षरात, 'वाचली. चूक झाली.' त्याच्या खाली बारीक, तिरक्या अक्षरात, 'ह्यांना उठवलं.' असली पुस्तकं परत आली की समास साफ करायचं काम माझं. हेही मीच खोडलं. पानाला भोक पडू नये म्हणून रबर अगदी हलक्या हातानं फिरवलं, एवढं आठवतं.

त्याच वर्षी कॉलेजच्या अंकात मी लेख लिहिला. मराठी भयकथा पलायनवादी आहे, वगैरे. आदल्या आठवड्यात याच पलायनवादी साहित्यापायी मी चाळीच्या टोकाच्या संडासाकडे पहाटेपर्यंत जाऊ शकलो नव्हतो, हे लेखात नव्हतं. सरांनी पाठ थोपटली. आता तू म्हणशील, काका, तुम्हीही तेच केलंत. केलं. पण मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि त्या काळी मराठीच्या वर्गात धारपांचं नाव काढलं की लोक हसायचे. पुढे बरीच वर्षं त्यांना एक पत्र लिहायचं मनात होतं. कधी पत्ता नव्हता, कधी लाज वाटत होती. २००८ मध्ये ते गेले. असो.

लेबल आधी वाचणारे फार जुने आहेत, हे ध्यानात ठेव. १८१८ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' लेखकाच्या नावाशिवाय निघालं. लिहिणारी बाई आहे असं एका इंग्रजी नियतकालिकाच्या समीक्षकाला कळलं होतं. बाईनं असलं लिहावं यावर नाक मुरडून, पुढे काही न बोलता त्यानं पुस्तक निकालात काढलं. आणि मेरी शेलीला हवं काय होतं? १८३१ च्या प्रस्तावनेत तिनं सांगितलंय: वाचकाला मागे वळून बघायची भीती वाटावी, रक्त गोठावं, छाती धडधडावी. पान सांग म्हणतो ते याचसाठी. लिहिणारी काय मागतेय ते तरी बघ!

आपल्याकडे नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. नाव बाजूला ठेवून गोष्ट वाचली जावी म्हणून. पहिला नंबर आला. एवढा मोठा माणूस स्वतःचं नाव झाकतो, आणि तू कट्ट्यावरच्या पोराच्या अडीच ताऱ्यांपुढे आपली तीन रात्रींची जाग झाकतेस?

चिडलोय खरा, पण दुसऱ्या कुणावर एवढा चिडलो नसतो.

पुढच्या महिन्यात ऑर्वेलवर बोलणार आहेस म्हणे. 'आजच्या काळातही किती लागू पडतं' हे वाक्य तुझ्या तोंडून आलं, तर मी मागच्या बाकावरून उठून जाईन. ते सगळेच म्हणतील. तू त्याच्या '१९८४' मधलं उंदरांचं पान काढ. ते वाचताना हात तोंडाकडे गेला होता का? मग तेवढंच सांग. कुणी हसलं तर हसू दे. हसणाऱ्यालाही विचार, तुझं पान कुठलं. बहुतेकांना सांगता येत नाही, कारण ते तिथपर्यंत पोचलेलेच नसतात. (हे जरा आगाऊपणाचं झालं, पण अनुभव आहे.)

धारपांचं ते पुस्तक माझ्याकडे आहे. परवा रद्दीवाल्याच्या ढिगात पुन्हा मिळालं. आवृत्ती दुसरी आहे, त्यामुळे पानं जुळत नाहीत, आणि समास कोरे आहेत. तुझ्या प्रतीतला पानाचा आकडा आणि तिथलं पहिलं वाक्य पाठव. मी माझ्यात शोधतो. पेन्सिल काढून ठेवली आहे.

तुझा,
काका