शंखजिरं, बाळाची पावडर आणि हिंगाची डबी

प्रश्न : माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. अंघोळ झाली की सासूबाई त्याच्या गळ्याच्या वळ्यांत, काखेत भरपूर पावडर लावतात. मी नको म्हटलं की म्हणतात, 'माझी तिन्ही पोरं याच पावडरीवर वाढली.' ही पावडर नेमकी असते कशाची? शिंप्याचा खडू, कॅरमची पावडर हे सगळं एकच का? – एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, माझ्या वडिलांचं साताऱ्यात सायकलचं दुकान होतं. सोल्यूशनच्या ट्यूबांशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात पांढरी भुकटी. पंक्चर काढून झालं की वडील ट्यूबला ती चोळायचे, चिमूटभर टायरच्या आतून फिरवायचे, मगच ट्यूब बसवायचे. नाही तर उन्हाने रबर रबराला चिकटतं आणि पुढच्या वेळी ट्यूब सोलून काढावी लागते. वडील त्या भुकटीला शंखजिरं म्हणत. तुमच्या पावडरीच्या डब्यावर 'टाल्क' लिहिलेलं असेल, तर त्यात हेच आहे, फक्त अधिक बारीक दळलेलं आणि सुवासिक केलेलं.

शंखजिरं हा दगड आहे, आणि आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मापात हिऱ्याला १० आकडा, तर याला १. मी तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. पहिल्या प्रॅक्टिकलला याचा तुकडा मुलांच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, नखाने ओरखडा. नखाखाली पांढरा चुरा यायचा आणि बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळीत व्हायची. दगडाला नखाने हरवता येतं, हे पाहून मुलांचे चेहरे खुलायचे. याची घडण पापुद्र्यांची आहे. मॅग्नेशियम आणि सिलिकाचे थर एकावर एक असतात, पण दोन थरांमधली पकड अगदीच नावाची. बोट लागलं की थर थरावरून घसरतो. ट्यूबला, गोळ्या बनवणाऱ्या औषध कारखान्याला, फुगेवाल्याला हवा असतो तो हाच गुण.

शिंप्याच्या खडूत शंखजिरं असतं, पण मेणाचे आणि मातीचे खडूही मिळतात. फॅब्रिकेशनवाले लोखंडावर खूण करतात ती शंखजिऱ्याच्या कांडीने, कारण वेल्डिंगच्या आचेतही ती रेघ जळून जात नाही. कॅरमची गोष्ट मात्र वेगळी. तिथे चांगली म्हणून वापरतात ती बोरिक पावडर. ती मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

आता बाळाचं. सासूबाई लावतात त्या मायेनेच. वर्ध्याच्या उन्हाळ्यात वळ्यांत घाम साचतो, कातडी लाल होते, हे त्यांनी तीन लेकरांचं पाहिलंय. पण डबा उलटा करून थोपटला की जो ढग उठतो, तो बाळाच्या नाकाशी असतो. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, ओलसुद्धा धरत नाही. एवढ्याशा श्वासनलिकेत ती गेली तर बाहेर निघणं अवघड, आणि डबा हातातून निसटून तोंडावर सांडला तर श्वास कोंडतो. म्हणून बालरोगतज्ज्ञ पावडर नको म्हणतात. शिवाय जमिनीखाली शंखजिऱ्याच्या शेजारीच कधी कधी अ‍ॅस्बेस्टॉसही सापडतं, आणि त्याने कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये खुद्द शंखजिऱ्यालाही 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं. आज लावलेल्या पावडरीने उद्या काही होईल असा याचा अर्थ नाही, घाबरू नका. पण जी वस्तू बाळाला लागतच नाही, तिच्यासाठी हा धोका का घ्यायचा?

जुन्या सुती लुगड्याचं मऊ फडकं घ्या. वळी अलगद उघडून टिपा, चोळू नका, आणि बाळाला पाच मिनिटं तसंच उघडं लोळू द्या. हे काम सासूबाईंनाच सांगा. त्यांचा हात तुमच्यापेक्षा सराईत आहे.

प्रश्न : इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय की सिंधू संस्कृतीच्या मुद्रा शंखजिऱ्याच्या होत्या. इतका मऊ दगड चार हजार वर्षं टिकला कसा? – इयत्ता नववी, परभणी

उत्तर : शाब्बास! कारागीर मऊ दगडावर आधी बैल, हत्ती कोरायचे आणि मग मुद्रा भट्टीत भाजायचे. आच ९००–१००० अंशांच्या आसपास गेली की दगडातलं बांधलेलं पाणी निघून जातं, पापुद्र्यांची घडणच बदलते आणि त्याचं वेगळं, कठीण खनिज होतं. मग नख सोड, चाकूलाही ते सहज दाद देत नाही. मुद्रा जेमतेम इंचभर, तरी बैलाच्या गळ्याची पोळी घडीघडीने मोजता येते. एवढं बारीक काम मऊ दगडातच शक्य होतं.

प्रश्न : सुट्या हिंगात शंखजिरं मिसळतात म्हणे. घरी ओळखायचं कसं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मिसळतात, आणि ही फसवणूक जुनी आहे. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिंग घालून हलवा. चांगल्या हिंगाने पाणी दुधाळ होतं; दगड तळाशी बसतो. बांधानी हिंगात पीठ असतंच, त्यामुळे त्याचाही साका बसेल. मग तेच पाणी उकळा. पिठाची खळ होते, शंखजिरं शिजत नाही. पाणी ओतून उरलेला साका दोन बोटांत चोळून पाहा, बुळबुळीत लागला तर तो हिंग दुकानदाराला परत करा.