नोकरी गेल्यावर गृहकर्ज आधी फेडावे का?

तुमच्या पत्राचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कशावर बेतलेला आहे ते स्पष्ट राहील. तुमचे वय 48 आहे. एकाच कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम 22 वर्षे केल्यानंतर तो विभागच बंद झाला आणि तुम्हाला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. ग्रॅच्युइटीचे 11 लाख 42 हजार, रजेच्या रोखीकरणाचे 2 लाख 8 हजार आणि कंपनीने दिलेल्या भरपाईचे, कर कापून जाता, साडेसात लाख रुपये तुमच्या खात्यात आले आहेत. तुमची स्वतःची 4 लाखांची मुदत ठेव आहे, पीएफमध्ये 38 लाख आहेत. गृहकर्जाचे 20 लाख बाकी असून साडेआठ टक्के दराने ते आणखी 10 वर्षे चालायचे आहे. घरखर्च हप्ता सोडून 62,000 रुपये, पत्नीची शिकवण्यांतून होणारी मिळकत 14,000 रुपये आणि मुलीच्या अभियांत्रिकीच्या उरलेल्या दोन वर्षांसाठी 4 लाख लागणार आहेत. एका लहान कंपनीने हातात 60,000 पडतील अशी नोकरी देऊ केली आहे. ती नाकारून कर्ज एकरकमी फेडावे आणि पीएफमधले 15 लाख काढून जुन्या सहकाऱ्याच्या सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये भागीदारी घ्यावी, असा तुमचा विचार आहे.

माझे मत याच्या उलट आहे. नोकरी घ्यावी, कर्ज चालू ठेवावे, पीएफला हात लावू नये आणि भागीदारीचा निर्णय किमान एक वर्ष पुढे ढकलावा.

कर्जापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रात सर्वाधिक भर त्यावरच आहे. तुमचा मासिक हप्ता सुमारे 24,800 रुपये आहे. दहा वर्षांत तुम्ही बँकेला एकूण 29 लाख 76 हजारांच्या आसपास द्याल, म्हणजे आज कर्ज फेडले तर जवळपास पावणेदहा लाखांचे व्याज वाचेल, हा तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. मात्र हे व्याज दहा वर्षांत थोडे थोडे वाचणार आहे आणि तुमची अडचण पुढच्या दोन वर्षांची आहे. हाताशी असलेल्या 25 लाखांतून मुलीच्या फीचे 4 लाख बाजूला काढले की 21 लाख उरतात. कर्ज तसेच ठेवले आणि तुम्हाला कुठलीच नोकरी मिळाली नाही असे धरले, तर घरखर्च आणि हप्ता मिळून 86,800 रुपये लागतील, त्यातून पत्नीची मिळकत वजा जाता दरमहा 72,800 रुपयांची तूट येईल. 21 लाखांत ही तूट जवळजवळ 29 महिने भरून निघते. आता कर्ज फेडून टाकले असे समजा. मासिक तूट 48,000 वर येईल हे खरे, परंतु हातात फक्त 1 लाख उरेल आणि तो दोन महिन्यांत संपेल. ठेवींवरचे व्याज आणि महागाई या दोन्ही गोष्टी मी येथे धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तरी 29 महिने आणि 2 महिने यांतला फरक काही भरून निघत नाही.

कर्जमुक्त घराचे समाधान मोठे असते, हे मी नाकारत नाही. पण यात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँकेला दंड आकारता येत नाही, त्यामुळे तुम्ही कर्ज आजऐवजी दीड वर्षाने फेडले तरी त्या मधल्या काळाच्या व्याजाखेरीज तुमचे काही जाणार नाही. उलट, आज बँकेत भरलेले 20 लाख सहा महिन्यांनी गरज पडली म्हणून परत मागायला गेलात, तर पगाराची चिठ्ठी नसलेल्या अर्जदाराला बँक सहजी दारात उभे करणार नाही. पुढे नोकरीत स्थिरावल्यावर 5 लाख भरावेसे वाटलेच, तर बँकेला लेखी कळवा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करावा. असे न सांगितल्यास बहुतेक वेळा हप्ता तोच राहून मुदत घटते, आणि व्याज वाचवणाऱ्याला ते सोयीचे असले तरी दरमहाचा भार कमी करू पाहणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही. 5 लाख भरल्यास तुमचा हप्ता सुमारे 6,200 रुपयांनी उतरेल.

आता नोकरीकडे वळतो. पूर्वी 1 लाख 18 हजार हातात पडत होते, त्या जागी 60,000 आणि तेही खालच्या पदावर. हे गिळणे अवघड आहे, आणि 'या पगारावर एकदा गेलो की बाजारात माझी किंमत तीच ठरेल' ही तुमची भीती सर्वस्वी निराधार नाही. तरीही आकड्यांत पाहिले तर ही नोकरी तुमची मासिक तूट 72,800 वरून 12,800 वर आणते. कर्ज फेडून तूट जेवढी कमी होते त्याच्या दुपटीहून अधिक ती या नोकरीने कमी होते, आणि त्यासाठी जमवलेला एक रुपयाही खर्ची पडत नाही. शिवाय चांगली जागा शोधायची असेल, तर ती नोकरीत राहून शोधणे सोपे जाते. एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत आयकरही पडणार नाही, कारण 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर तिथे पूर्ण सूट आहे. नेमणुकीचे पत्र स्वीकारण्याआधी नोटिशीचा कालावधी किती आणि नोकरीबाहेर व्यवसायात भाग घेण्यास मनाई आहे का, ही दोन कलमे मात्र नीट वाचा. दुसऱ्या कलमाचा संबंध थेट तुमच्या भागीदारीशी येतो.

त्या भागीदारीबद्दल मी सहकाऱ्याच्या हेतूविषयी काहीही बोलत नाही. तुम्ही त्यांना पंधरा वर्षे ओळखता, मी ओळखत नाही. माझी हरकत रकमेच्या आकाराला आणि कराराच्या स्वरूपाला आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार संस्थेच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, म्हणजे वर्कशॉपने माल उधार घेतला आणि पैसे थकले, तर वसुली तुमच्या 15 लाखांवर थांबेलच असे नाही. ती तुमच्या घरापर्यंतही पोहोचू शकते. 2008 च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, केली तर ही जबाबदारी सर्वसाधारणपणे गुंतवलेल्या रकमेपुरती मर्यादित राहते, मात्र बँकेच्या कर्जासाठी वैयक्तिक हमी दिलीत तर ते संरक्षण तेवढ्यापुरते निष्फळ ठरते. दुसरा प्रश्न येणी वसूल होण्याचा. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असे 2006 चा कायदा म्हणतो, पण मोठ्या ग्राहकाविरुद्ध त्या कायद्याचा आधार घेऊन पुढची ऑर्डर घालवायला कुठला छोटा पुरवठादार तयार होतो? म्हणून सहकाऱ्याकडे मागील तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे आणि आज कोणाकडून किती येणे किती दिवसांपासून थकले आहे याची यादी मागा. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर तेवढेच उत्तर पुरेसे आहे. कागद समाधानकारक निघाले आणि नोकरीचे एक वर्ष सुरळीत गेले, तर तुमच्याकडे साधारण साडेएकोणीस लाख शिल्लक असतील. त्यातले 5 लाख एलएलपीत गुंतवल्यावरही, समजा नोकरी पुन्हा गेली, तरी वीस महिन्यांची सोय उरेल. 5 लाखांत भागीदार घ्यायचा नाही असे सहकारी म्हणाले, तर हा व्यवहार सोडून द्यावा.

भागीदारीचे 15 लाख पीएफमधून येणार आहेत, म्हणून घरखर्चाच्या पैशाला धक्का लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मला हे पटत नाही. 2024-25 साठी पीएफचा व्याजदर 8.25 टक्के होता, म्हणजे तुमच्या कर्जाच्या दराहून फक्त पाव टक्का कमी. हाच दर टिकला असे धरले तर एकही रुपया न भरता 38 लाखांचे वयाच्या 58 व्या वर्षी सुमारे 84 लाख होतील, आणि निवृत्तीसाठी तुमच्याकडे, पुढे सांगितलेली पेन्शन सोडली तर, याखेरीज दुसरे काही नाही. नव्या कंपनीला पीएफ लागू असेल तर जुने खाते तिथे वर्ग करून घ्या. खाते नुसते पडून राहिले, तर नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे व्याज करपात्र ठरते, हे फार थोड्यांना माहीत असते. पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेत तुमची 10 वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे पेन्शनचा हक्क तुम्हाला मिळालेला आहे. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 आधीच्या प्रत्येक वर्षासाठी ती 4 टक्के कमी होते, तेव्हा तो मोह टाळा.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबू नका. कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण तुमच्या पत्नीला मधुमेह आहे आणि नोकरीबरोबर ते संरक्षण संपते. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. सामूहिक पॉलिसी संपण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज केल्यास आतापर्यंत पूर्ण झालेला प्रतीक्षेचा काळ जमेस धरला जातो, म्हणून जुन्या कार्यालयाकडून सामूहिक पॉलिसीची अखेरची तारीख याच आठवड्यात लेखी मागवून घ्या. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. नवी कंपनी विमा देणार असली तरी ही पॉलिसी घ्याच.

21 लाखांपैकी सहा महिन्यांच्या तुटीएवढी रक्कम बचत खात्यात आणि बाकीची सहा, बारा, अठरा महिन्यांच्या मुदत ठेवींत ठेवावी. ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच असते, तेव्हा ती किमान पाच बँकांत विभागून ठेवा. शेअर बाजारात यातले काहीही नको.

देऊ केलेली नोकरी काही कारणाने हातची गेली, तर पैसे काढण्याचा क्रम असा ठेवा: आधी बचत खाते, मग ज्या ठेवीची मुदत भरत आली असेल ती. ठेवींतली शिल्लक 8 लाखांच्या खाली आली आणि तोपर्यंत काम मिळाले नसेल, तर बँकेकडे स्वतःहून जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा. एकही हप्ता चुकण्याआधी केलेल्या विनंतीकडे बँक वेगळ्या नजरेने पाहते. पीएफमधून रक्कम काढण्याचा विचार त्यानंतरच करावा, आणि तोही घरखर्चासाठी, व्यवसायासाठी नव्हे.