भावाला कारने उडवलं, पायात रॉड आहे. भरपाईच्या दाव्यासाठी आत्तापासून काय जमवावं?

“भाऊ चालायला लागला की मग बघू, असं घरचे म्हणतात” हे तुम्ही लिहिलंय ते वाचून लगेच उत्तर द्यायला बसले. कृपया थांबू नका. मी मुंबईत मोटार अपघात दाव्यांचीच वकिली करते. माणूस बरा होईपर्यंत घरचे थांबतात आणि तेवढ्यात अर्धा पुरावा गेलेला असतो, हे नेहमी दिसतं.

तुम्ही दिलेली माहिती अशी: भाऊ 29 वर्षांचा, एसी दुरुस्तीची कामं करतो. तीन आठवड्यांपूर्वी कांदिवलीत हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्याच्या स्कूटरला कारने मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. पोलिसांनी हॉस्पिटलमध्ये जबाब घेतला, पुढे काय झालं ते कळलेलं नाही. आणि कारवाला म्हणतोय, “बिल मी भरतो, केस वाढवू नका.”

सगळ्यात आधी, आजच, सीसीटीव्हीच्या मागे लागा. दुकानं, पेट्रोलपंप, सोसायटीची गेटं यांच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या मशीनमध्ये) जागा संपली की जुन्या चित्रणावर नवं चढतं, कुठे आठवड्यात तर कुठे महिन्याभरात. म्हणजे काही ठिकाणचं गेलं असेल, काही ठिकाणचं अजून असेल. त्या रस्त्याने चालत जा, कुठल्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे आहे ते बघा आणि सेक्रेटरीला किंवा दुकानदाराला लेखी विनंती द्या की त्या तारखेचं चित्रण राखून ठेवा. कॅमेऱ्यांच्या जागा लिहून तसाच अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आपल्याला नाही म्हणणारा दुकानदार पोलिसांनी मागितलं की देतो.

चित्रण मिळालं तर स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून परत येऊ नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र घ्या. जुन्या कायद्यात हेच 65ब होतं. मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र लागतंच, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सांगितलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे भरपाई ठरवणारं कोर्ट, पुराव्याचे नियम इतके ताणत नाही, पण विमा कंपनीचा वकील हरकत घेतोच. आणखी एक गोष्ट सहज सुटते: डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक वेळा पुढे-मागे असतं. स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढून ठेवा. नाहीतर अपघात एफआयआरमध्ये एका वेळेचा आणि चित्रणात दुसऱ्याच वेळेचा दिसतो.

मग पोलीस ठाणं. एफआयआर झालाय का आणि कोणत्या कलमांखाली, ते विचारा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, म्हणून भारतीय न्याय संहितेचं नुसतं 281 (बेदरकार गाडी चालवणं) नको, 125(ब) सुद्धा हवं. घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचा आरटीओ तपासणी अहवाल, कारची आरसी, विम्याची पॉलिसी, चालकाचं लायसन्स, यांच्या प्रती मागा. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेलाय का, हे नम्रपणे पण लेखी विचारा. स्कूटर दुरुस्तीला देण्याआधी मागच्या बाजूचे जवळून फोटो काढा. धडक मागून बसली हे तो चेपलेला मडगार्ड सांगतो.

हॉस्पिटलचे कागद सगळेच जपतात, पण त्यात काय लिहिलंय ते वाचत नाहीत. अपघात विभागात पहिल्या केसपेपरवर डॉक्टर घाईत “हिस्टरी” लिहितात. सोबत आलेल्या माणसाने “गाडीवरून पडला” एवढंच सांगितलं असेल तर तिथे तेवढंच येतं, कारचा उल्लेखच नसतो. विमा कंपनीला एवढं पुरतं. ती म्हणते हा स्वतःच घसरून पडला. तुमचा केसपेपर आज काढून वाचा. तसं काही असेल तर हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या आणि भावाच्या पोलीस जबाबात कारचा नंबर व धडक स्पष्ट आहे ना, ते बघा. एक्स-रेच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, ड्रेसिंगला जाताना केलेल्या रिक्षाचा खर्च, सगळं तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं तिकडे जातील, त्याआधी साक्षांकित प्रती करून घ्या. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून कापायची नाही, असा निर्णय मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. त्यामुळे “तुम्हाला पैसे मिळालेच आहेत” असं कुणी म्हटलं तर घाबरू नका.

कारवाल्याबद्दल. त्याला भीती आहे ती फौजदारी केसची. भरपाई बहुतेक त्याच्या खिशातून जाणारच नाही, थर्ड पार्टी विमा असेल तर ती कंपनी देते. तो बिल भरत असेल तर भरू द्या, थेट हॉस्पिटलच्या खात्यात. पण “आमची काही तक्रार नाही” असा एक शब्दही लिहून देऊ नका, स्टॅम्पपेपरवर नाही आणि व्हॉट्सॲपवरही नाही.

आता ज्यावर मुंबईतल्या हातावर पोट असलेल्या माणसांचे दावे सगळ्यात जास्त मार खातात, ते: कमाई. तुमचा भाऊ महिन्याला 20,000 कमावतो म्हणालात, रोखीत. कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरतं, आणि तो बहुधा कमी असतो. हिशोबच मांडते. 20,000 म्हणजे वर्षाचे 2,40,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000. वय 29 साठी गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्याने गुणतात तो आकडा, 17. अपंगत्वामुळे कमाईची क्षमता समजा 20 टक्के घटली, तर 11,42,400. तेच उत्पन्न 12,000 धरलं गेलं तर 6,85,440. पाय तोच, अपघात तोच, साडेचार लाखांचा फरक फक्त कमाईच्या पुराव्याचा.

म्हणून गेल्या वर्षाचं यूपीआय स्टेटमेंट काढा. त्याला नेहमी काम देणारे सोसायटीवाले, दुकानदार, मोठा कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून काम आणि दर लिहून घ्या. त्यांच्यापैकी एकदोघे साक्षीला येतील का, ते आत्ताच विचारा. गॅस आणि स्पेअर पार्ट्सची बिलं, आयटीआयचं सर्टिफिकेट, कामाच्या बुकिंगचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं चालतं. मेसेज फोनमधून काढू नका आणि तो फोन विकूही नका.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट उपचार संपल्यावर मिळतं आणि ते नंतर जोडता येतं. त्यासाठी दावा अडवून ठेवायचा नाही. मात्र डॉक्टरने लिहिलेला टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात सुप्रीम कोर्टाने उदाहरण दिलंय: डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तुमचा भाऊ खिडकीबाहेरच्या स्टँडवर उतरून आउटडोअर युनिट उघडणारा माणूस आहे. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर ते काम गेलं. त्याचं काम कसं चालतं हे दाखवणारे जुने फोटो असतील तर ते सोन्यासारखे जपा.

मुदत: मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून 6 महिने. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. शिवाय भरपाईवरचं व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेच्या आधीचं मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुमचाच जातो. अपघात मुंबईत झाला म्हणून मुंबईत, किंवा तुम्ही नालासोपाऱ्याला राहता म्हणून तुमच्या भागातल्या न्यायाधिकरणात, कुठेही दावा टाकता येतो. भावाला तारखांना जिथे पोचणं सोपं, ते निवडा.

वकील शांतपणे निवडा. खाटेपाशी येऊन वकीलपत्रावर सही मागणाऱ्याला परत पाठवा. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तेव्हा फी आधी आकड्यात ठरवून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तिथे मोफत वकील मिळतो. जाताना एफआयआर, केसपेपर, कारचा नंबर आणि भावाचं आधार कार्ड एवढं जरी असलं तरी काम सुरू होतं, बाकीचे कागद जमतील तसे देत राहा.