‘अडखळत’, ‘चाचरत’, ‘तोतरं’, ‘ततपप’: कुठे काय वापरायचं?

तुमच्या कथेतला मुलगा नापास झाल्याचं वडिलांना सांगतोय आणि ‘तो … म्हणाला’ या गाळलेल्या जागेत या चारांपैकी काय घालावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत ‘चाचरत’ला. लोकांची हस्तलिखितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हे शब्द एकमेकांच्या जागी बसलेले रोज दिसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अडखळणं मुळात पायाचं. उंबऱ्याला पाय लागून माणूस अडखळतो, तसाच तो शब्दाला अडखळतो. वाटेत काहीतरी आडवं आलेलं असतं: अवघड जोडाक्षर, विसरलेली ओळ, अर्धीमुर्धी येणारी भाषा. त्यात भीती असेलच असं नाही, चांगला धीट माणूसही अडखळतो. चाचरणाऱ्याला मात्र शब्द सापडलेला असतो. तो बाहेर पडल्यावर काय होईल, याची त्याला धास्ती असते. म्हणून धडा अडखळत वाचला जातो आणि कबुली चाचरत दिली जाते. ‘चाचरत वाचलं’ माझ्या कानाला तरी खटकतं.

‘अडखळत’ आणि ‘अडखळून’ यांतही गल्लत होते. ‘तो अडखळत बोलला’ म्हणजे बोलणं चालू होतं, अडखळणंही चालू होतं. ‘तो अडखळून थांबला’ म्हणजे आधी अडखळला, मग थांबला. ‘अडखळून बोलला’ शक्यतो टाळा.

‘तोतरं’ इथे नकोच. तोतरेपणात काय बोलायचं ते माणसाला पक्कं ठाऊक असतं. आवाज अडतो, लांबतो किंवा तोच तोच पुन्हा येतो. त्याच माणसाला गाताना किंवा समूहात एका सुरात म्हणताना बहुधा काहीच अडचण येत नाही. घाबरलेल्या पात्राला तोतरं बोलायला लावलं, की वाचकाला वाटतं हा नेहमीच असा बोलतो. शिवाय तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा हा गैरसमज आपण आणखी पक्का करतो, ते वेगळंच.

‘बोबडं’ही तोतऱ्याशी मिसळू नका. ‘राजा’चा ‘लाजा’ करणारं मूल बोबडं, ते न अडखळता घडाघडा बोलत असतं. गंमत म्हणजे बोबडे बोल कौतुकाचे आणि बोबडी वळणं भीतीचं!

पण मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती वाक्याची रचना. ‘तो बोलेना’ आणि ‘त्याला बोलवेना’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात तो बोलायला तयार नाही, कदाचित हट्टाने. दुसऱ्यात बोलायचंय, पण जमत नाही. एका ‘व’ने आणि ‘तो’चं ‘त्याला’ झाल्याने माणूस बदलला. ‘त्याची बोबडी वळली’, ‘त्याची दातखीळ बसली’, ‘त्याच्या तोंडून शब्द फुटेना’ यांतही कर्ता बोबडी, दातखीळ, शब्द. माणूस बिचारा षष्ठीत ढकललेला. उलट ‘त्याने आढेवेढे घेतले’, ‘त्याने गुळणी धरली’ यांत सगळं त्याच्याच हातात आहे. तुमच्या मुलाने नापास झाल्याचं दडवायचं ठरवलंय, की सांगायचंय पण धीर होत नाही, हे आधी ठरवा. विशेषण-क्रियाविशेषणांची निम्मी गरज तिथेच संपेल.

‘ततपप’ राहिलं. ते खोटं उघडं पडताना, रंगेहाथ सापडल्यावर. ‘काय रे, पैसे कुठायत?’ विचारल्यावर ततपप होते. त्यात एक हसू दडलेलं असतं, त्यामुळे करुण प्रसंगात ते घातलं तर प्रसंगाचं वजन उतरतं.

आणि ते टिंबांचं. तुमच्या नमुन्यात ‘बा… बा… बाबा… मी… मी… ना…’ असं आहे. लोपचिन्ह एकदा आलं की वाचक थांबतो, सहाव्यांदा आलं की तो पुढची ओळ शोधतो. मी असं लिहिलं असतं:

‘बाबा, तो निकाल…’ तो चाचरत म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना.