वासिल स्तुस या युक्रेनी कवीला फक्त कविता लिहिल्या म्हणून तुरुंगात टाकलं होतं का?

फक्त कवितांसाठी नाही, पण कवितांसाठीसुद्धा. दोन्ही खटल्यांत आरोप एकच, 'सोव्हिएतविरोधी प्रचार', आणि त्यात कविता, पत्रं, निषेधाचे अर्ज असं काहीही बसवता यायचं. खरं वाकडं आलं ते ४ सप्टेंबर १९६५ ला. कीव्हच्या 'उक्राइना' चित्रपटगृहात एका सिनेमाच्या प्रीमियरला, युक्रेनी लेखक-कलावंतांच्या धरपकडीचा ज्यांना निषेध करायचा असेल त्यांनी उभं राहावं, अशी हाक दिली गेली. स्तुस उभा राहिला. लगेच साहित्य संस्थेतलं संशोधन संपलं. १९७२ मध्ये अटक झाली: ५ वर्षं सक्तमजुरीची छावणी, ३ वर्षं हद्दपारी. सुटून आल्यावर गप्प बसेल तो स्तुस कसला. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या हेलसिंकी गटात गेला आणि १९८० मध्ये पुन्हा आत. या वेळी १० वर्षं छावणी आणि ५ वर्षं हद्दपारी. छावणीत तो गटे, रिल्के या जर्मन भाषेतल्या कवींचे युक्रेनीत अनुवाद करत होता. तिथे लिहिलेली कवितांची एक अख्खी वही जप्त झाली, ती आजवर सापडलेली नाही. ४ सप्टेंबर १९८५ ला रशियातल्या पर्म-३६ छावणीच्या शिक्षाकोठडीत त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो उपोषणावर होता. थडग्यावर नाव नाही, नुसता क्रमांक. अवशेष कीव्हला आणले ते १९८९ मध्ये.

एक मात्र जपून: 'नोबेल मिळू नये म्हणून मारलं' हे बिनधास्त फिरतं, पण नोबेलची नामांकनं ५० वर्षं गुप्त असतात. १९८५ ची यादी अजून उघडलेलीच नाही.