गो खेळात ३-३ वर शिरलेल्या सोंगटीला उत्तर कसे द्यावे?

आपला प्रश्न असा आहे की, गो या पटावरच्या खेळात कोपऱ्यात ४-४ वर (दोन्ही कडांपासून चौथ्या रेषा जिथे छेदतात तिथे) सोंगटी ठेवल्यावर प्रतिस्पर्धी डावाच्या सुरुवातीलाच तिच्या पोटात, म्हणजे ३-३ वर शिरतो, तर त्याला वेढून मारावे कसे? माझे स्पष्ट मत असे की, ४-४ च्या दोन्ही अंगांना आपल्या सोंगट्या आधीच नसतील तर मारण्याचा नाद सोडावा. तो कोपऱ्यात जगणारच. त्याच्या जगण्याची किंमत वसूल करणे आपल्या हाती आहे.

खरा निर्णय पहिल्याच उत्तरात होतो. समजा, कोपरा डावीकडचा खालचा आहे आणि खालच्या कडेला उजवीकडे आपली आणखी एक सोंगटी आहे. अशा वेळी ४-४ च्या लगेच खाली सोंगटी ठेवून तीच बाजू अडवावी, म्हणजे आपल्या सलग सोंगट्यांची भिंत आपल्याच माणसांकडे तोंड करून उभी राहते. प्रतिस्पर्धी मग डाव्या कडेने एक घर वर सरकतो. त्याच्या डोक्यावर हाने (त्याच्या सोंगटीला वळसा घालून वाट अडवणारी तिरकी चाल) खेळल्यास दाब जास्त पडतो, पण मागे आपल्या सोंगट्या एकमेकींपासून तुटण्याची जागा राहते आणि नवख्या खेळाडूचा डाव बहुधा तिथेच बिघडतो. म्हणून मी ४-४ च्या लगेच वर सोंगटी ठेवून भिंत सरळ वाढवण्याचा सल्ला देईन.

इतक्या लवकर ३-३ वर शिरणे पूर्वी घाईचे मानले जाई, कारण समोरच्याला फुकट भिंत मिळते. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी 'मास्टर' या नावाने ऑनलाइन ६० डाव जिंकणाऱ्या अल्फागो या संगणक-प्रोग्रामने ते मत पालटले. जुन्या जोसेकीत (कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींच्या क्रमात) शिरणारा दुसऱ्या रेषेवर हाने खेळून लगेच जोडून घेई, त्यामुळे भिंतीतले कच्चे दुवे पक्के होत. अल्फागोने ही देवाणघेवाण राखून ठेवली. तेव्हा आपली भिंत दिसते तितकी भक्कम नाही, हे ध्यानात ठेवावे.

भिंतीला खेटून आपला प्रदेश आखू नये. प्रतिस्पर्धी खालच्या कडेला उतरला, तर त्याच्यावर पलीकडून, उजवीकडच्या सोंगटीच्या आधाराने चाल करावी आणि त्याला भिंतीकडे ढकलत न्यावे.