खांदा तिचा, हिशोब कोणाचा?

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची असून तिच्या पिचिंगच्या (फलंदाजाकडे चेंडू टाकण्याच्या) बळावर तिचा सॉफ्टबॉल संघ सलग दोन वर्षे विजेता ठरला आहे. पुढील वर्षापासून तिची शाळा थांबवून सगळा वेळ सरावाला द्यावा, असे मी ठरवले आहे. रोज आम्ही 200 चेंडू टाकतो. खांदा दुखतो असे ती कधीकधी म्हणते, पण सामन्याच्या दिवशी उत्तम खेळते. तिचे करिअर कसे आखावे?

उत्तर : आपल्या चार पानी पत्रात चेंडूचा वेग आहे, प्रत्येक सामन्यातील स्ट्राइकआउट (तिने चेंडू चुकवायला लावून बाद केलेल्या फलंदाज) आहेत, उपड्या बादलीवर बसून रोज संध्याकाळी आपण स्वतः तिचे चेंडू झेलता आणि प्रत्येक चेंडूची वहीत नोंद करता, हेही आहे. मुलीच्या तोंडचे वाक्य मात्र एकच आहे, आणि त्याच्या पाठोपाठ आपला 'पण' आला आहे. 'आम्ही चेंडू टाकतो' असे आपण लिहिता; टाकते ती एकटीच. आपल्या कष्टांबद्दल मला शंका नाही, परंतु वडील, प्रशिक्षक, कॅचर आणि हिशोबनीस ही चारही कामे एकाच माणसाकडे असली की दुखते आहे हे मुलीने सांगायचे कोणाला?

हात खालून फिरवून टाकलेला चेंडू शरीराला नैसर्गिक असतो, त्यामुळे सॉफ्टबॉलच्या पिचरचा हात थकत नाही, असे आपण ठामपणे लिहिले आहे. हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. या पद्धतीत हात खांद्याभोवती पूर्ण वर्तुळ घेतो, आणि तो वेगाने खाली येताना त्याला सांध्यात धरून ठेवण्याचा मोठा भार दंडाच्या पुढच्या स्नायूवर व खांद्यावर पडतो. मोजमापे घेतली गेली तेव्हा खांद्याला बसणारी ही ओढ बेसबॉलच्या पिचरशी तुलना करण्याजोगी आढळली. तरीही बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना चेंडूंची मर्यादा व सक्तीची विश्रांती असते, तर सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली अनेक ठिकाणी एकाच शनिवार-रविवारी सामन्यामागून सामन्यांत चेंडू टाकतात.

आपण जपानची पिचर युकिको उएनो हिचा दाखला दिला आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने खेळून 413 चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवून दिले, हे खरे आहे. पण तेव्हा ती 26 वर्षांची होती, 15 वर्षांची नव्हे. त्याच उएनोने 2021 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, टोकियोत पुन्हा सुवर्ण जिंकले. त्या अंतिम सामन्यात मधल्या टप्प्यात चेंडू 20 वर्षांच्या मियू गोतोच्या हाती होता आणि शेवटच्या डावासाठी उएनो परत आली. आपल्या मुलीच्या संघात दुसरी पिचर कोण आहे, याचा पत्रात उल्लेखही नाही.

शाळा सोडण्याच्या विचाराला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेत या खेळाची मोठी वाट विद्यापीठांच्या संघांतून जाते आणि तेथे शालेय विषय व गुण पाहिल्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत. जपानमध्ये प्रमुख संघ कंपन्यांचे असतात. व्यावसायिक खेळाच्या भरवशावर सगळे सोडावे, इतका पैसा या खेळात नाही. अमेरिकेतील पिचर मोनिका अ‍ॅबटचा 2016 मधील सहा वर्षांचा 10 लाख डॉलरचा करार गाजला, पण त्यातील मूळ पगार वर्षाला 20,000 डॉलर होता आणि उरलेली रक्कम प्रेक्षकसंख्येवर अवलंबून होती. ती ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती, ती लीगही पुढे बंद पडली. ऑलिम्पिकचे म्हणाल, तर 2008 नंतर हा खेळ थेट टोकियोत दिसला, पॅरिसमध्ये नव्हता आणि आता 2028 मध्ये परतणार आहे. क्रीडा प्रशिक्षण, फिजिओथेरपी, क्रीडा व्यवस्थापन या वाटांची माहिती कोठेही मिळेल; त्यांची निवड दोन वर्षांनी केली तरी चालेल.

करिअरच्या आराखड्याआधी तिला क्रीडावैद्यक जाणणाऱ्या अस्थितज्ज्ञाकडे न्यावे आणि ते सांगतील तोवर पिचिंग पूर्ण थांबवावे. चेंडूंची वही प्रशिक्षकांच्या स्वाधीन करावी. तपासणीच्या वेळी, हात डोक्यावर असताना दुखते की चेंडू सुटताना, असे डॉक्टर विचारतील. त्याचे उत्तर तिला देऊ द्यावे आणि शक्य असल्यास आपण तेवढा वेळ बाहेर बसावे.